चौकट हाही पाठच: ‘संत तुकाराम’ आणि घरगुती पडद्यावरील चित्रांची काटछाट

प्रस्तावना

मराठीच्या अध्यापकाला पाठभेद ही संकल्पना नव्याने समजावून सांगावी लागत नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हापासून ‘कोणती प्रत?’ हा प्रश्न आपल्या वाङ्मयीन व्यवहारात रुजलेला आहे. विदर्भात तर या प्रश्नाला स्वतंत्र परंपरा आहे. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेल्या डॉ. वि. भि. कोलते यांनी महानुभाव पोथ्यांच्या अभ्यासात आयुष्य वेचले आणि त्यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. एखाद्या लीळेतील एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द आल्याने अर्थ कसा बदलतो, यावर आपण वर्गात तासभर बोलतो. मात्र चित्रपट हा विषय अभ्यासक्रमात शिरला आणि वर्गात प्रक्षेपक आला, तेव्हा ही सावधगिरी आपण दाराबाहेर ठेवली. जी प्रत हाती लागली ती लावली; तिचा उगम, तिची लांबी, तिची चौकट यांची विचारपूस कोणी केली नाही.

प्रस्तुत लेखात यांपैकी चौकटीचाच विचार करावयाचा आहे. चित्रपट घरगुती पडद्यासाठी व्हिडिओ कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडी किंवा आजच्या डिजिटल प्रतीच्या रूपात येतो, तेव्हा त्याच्या चित्राची रुंदी व उंची यांचे मूळ प्रमाण पुष्कळदा पाळले जात नाही. पडदा भरून दिसावा म्हणून चित्र कापले जाते किंवा ताणले जाते. ही तांत्रिक तडजोड असून आशयाला तिचा धक्का लागत नाही, असा सार्वत्रिक समज आहे. तो समज चुकीचा आहे, हे प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटाच्या आधारे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

चौकटीचे गणित

मूकपटाच्या काळात ३५ मिलिमीटर फितीवरील चित्राची रुंदी व उंची ४:३ या प्रमाणात, म्हणजे १.३३ इतकी असे. बोलपट आला आणि फितीच्या एका कडेला ध्वनीची पट्टी बसली. त्यामुळे चित्राची रुंदी घटून ते जवळजवळ चौरस झाले. १९३२ मध्ये अमेरिकेतील अकॅडमीने उंचीही थोडी कमी करून १.३७ हे प्रमाण ठरविले. जगभरच्या चित्रपटसृष्टीने ते स्वीकारले आणि आपल्याकडील कृष्णधवल बोलपटांचे मुख्य युग याच चौकटीत घडले. दूरचित्रवाणीने पुढे ४:३ हेच प्रमाण घेतले. म्हणून जुन्या डबड्यासारख्या संचावर ‘संत तुकाराम’ किंवा ‘श्यामची आई’ (१९५३) जवळपास पूर्ण दिसे. चित्र धूसर असेल, मुंग्या येत असतील, पण चौकट शाबूत होती.

दूरचित्रवाणीशी स्पर्धा करण्यासाठी हॉलिवूडने १९५३ मध्ये ‘द रोब’द्वारे सिनेमास्कोप आणला. २.५५ आणि पुढे २.३५ अशी ही लांबरुंद चौकट. आजच्या सपाट संचांचे प्रमाण १६:९ म्हणजे १.७८ आहे. हे प्रमाण निवडले गेले तेच मुळी मधला मार्ग म्हणून: जुनी चौकट आणि लांब चौकट या दोहोंना थोडी थोडी रिकामी जागा सोडून सामावता यावे, यासाठी. व्यवहारात मात्र ती रिकामी जागा कोणालाच सहन होईना.

१.३७ चे चित्र १.७८ च्या पडद्यावर काठोकाठ बसवायचे, तर उंचीचा सुमारे २३ टक्के भाग कापावा लागतो. न कापता ताणले तर प्रत्येक वस्तू सुमारे ३० टक्के अधिक रुंद होते. उलट, २.३५ चे चित्र जुन्या ४:३ संचावर पूर्ण उंचीने दाखवायचे तर रुंदीचा सुमारे ४३ टक्के भाग जातो. एखाद्या कादंबरीतील दर चार पानांमागे जवळजवळ एक पान फाडून ती ‘सुलभ आवृत्ती’ म्हणून विकली, तर आपण प्रकाशकाला जाब विचारू. चित्रपटाच्या बाबतीत पान पूर्ण जात नाही, प्रत्येक पानाची वरची व खालची ओळ जाते. गोष्ट कळते, त्यामुळे काही हरवल्याची जाणीवच होत नाही.

‘संत तुकाराम’मधील उभी रेघ

विष्णुपंत दामले व एस. फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला आणि मुंबईत एकाच चित्रगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला. हे दोघेही बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या तालमीत वाढलेले. फत्तेलाल तर मुळात चित्रकारच. चौकटीत माणूस कोठे बसवावा, डोक्यावर किती आकाश ठेवावे, पायाखाली किती भुई दाखवावी, हा या मंडळींच्या दृष्टीने रंगकामाइतकाच हाताचा विषय होता. गीता कपूर यांनी १९८७ च्या आपल्या निबंधात या चित्रपटाच्या सन्मुखतेची चर्चा केली आहे. भक्त, देव आणि प्रेक्षक एकमेकांसमोर कसे ठेवले जातात व दर्शनाची रीत चित्रपटाच्या भाषेत कशी उतरते, याची ती चर्चा. सन्मुखतेचा मुद्दा अभ्यासकांनी उचलला. पण ती सन्मुखता विशिष्ट आकाराच्या चौकटीत उभी आहे, याकडे तेवढे लक्ष गेलेले नाही.

या चित्रपटाचा कणा उभा आहे. विटेवर उभा असलेला विठ्ठल, त्याच्यासमोर भुईवर बसलेला तुकाराम, पाण्यात बुडालेली व पाण्यातून वर आलेली गाथा, शेवटी आकाशात चढणारे विमान आणि खाली उरलेली जिजाई. महत्त्वाच्या घटना खालून वर किंवा वरून खाली घडतात. त्यात भर म्हणजे हे सगळे भुईवर बसणाऱ्या समाजाचे चित्रण आहे. चूल जमिनीवर, जेवण जमिनीवर, भजनही जमिनीवर. एक पात्र बसलेले आणि दुसरे उभे, ही या घरातली नेहमीची स्थिती. बसलेल्याच्या मांडीपासून उभ्याच्या मस्तकापर्यंतचे अंतर एका चौकटीत मावायचे तर उंचीच लागते. रुंदी कितीही दिली तरी उपयोग नाही.

नमस्कार ही क्रियाच पाहावी. आपल्याकडे आदर व्यक्त होतो तो एकाचे मस्तक दुसऱ्याच्या पायांवर टेकून. पाश्चात्त्य चित्रपटातील हस्तांदोलन कमरेच्या उंचीवर घडते. वरून-खालून चित्र कापले तरी ते शाबूत राहते. पायांवर डोके ठेवणारा माणूस आणि त्याला उठविणारा संत हे दोघे एकत्र दिसायचे तर चौकटीच्या तळाचा भाग अनिवार्य आहे. पाय कापले गेले की खाली वाकलेला माणूस कशासाठी वाकला आहे, तेच हरवते. संतपटाच्या बाबतीत ही किरकोळ हानी नव्हे.

आजारी मुलाला फरफटत देवळात नेऊन हातात पायताण घेतलेली जिजाई विठ्ठलासमोर उभी राहते, तो प्रसंग घ्यावा. मराठी चित्रपटातील अत्यंत धीट प्रसंगांपैकी हा एक. ज्याचे स्थान पायांत, ते हातात घेऊन देवाच्या तोंडासमोर उगारले जाते. खालची वस्तू वर नेणे, हाच या प्रसंगाचा आशय आहे. गौरीबाईंचा अभिनय आवाजात व चेहऱ्यात आहेच, पण तो उगारलेल्या हातात आणि भुईत घट्ट रोवलेल्या उभे राहण्यातही आहे. कापलेल्या प्रतीत चेहरा उरतो, आवाज उरतो आणि प्रसंग भांडखोर बायकोचा होऊन बसतो. जिजाईला कजाग ठरविणारे वाचन आधीच आपल्याकडे पुरेसे आहे. त्याला कात्रीची मदत नको.

शेवटच्या वैकुंठगमनाविषयी वेगळे सांगायला नको. विमान वर जाते त्या वेळी रिकामे आकाश आणि खालची माणसे यांच्यातील अंतर हाच विरहाचा आकार आहे. ते अंतर पाऊण केले तर विमान तेच राहते, विरह आखडतो.

हे पटत नसेल तर वर्गात एक साधा प्रयोग करता येईल. मूळ प्रमाणातील प्रत लावावी आणि पडद्यावरील चित्राच्या उंचीचा साधारण नववा भाग वरून व तेवढाच खालून झाकणाऱ्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या धराव्यात. दहा मिनिटे पाहावे, मग पट्ट्या काढाव्यात. पागोटी, कळस, पाय, चूल आणि उंबरे एकदम परत येतात. विद्यार्थ्यांना व्याख्यानापेक्षा हे लवकर कळते.

ताणलेल्या प्रतीचा दोष ओळखणे त्याहून सोपे. चित्रपटात गोल वस्तू शोधाव्यात. टाळ, जाते, तंबोऱ्याचा भोपळा, कळशीचे तोंड, भाकरी. या लंबगोल दिसल्या तर प्रत ताणलेली आहे. विष्णुपंत पागनीसांचा कृश, आत वळलेला चेहरा त्याच हिशेबाने तीस टक्के रुंद होतो आणि वैराग्याच्या जागी सुखवस्तूपणा दिसू लागतो. सालोमालोच्या ठसठशीत, आत्मसंतुष्ट थाटाविरुद्ध तुकारामाची साधी आकृती उभी करणे, हा दिग्दर्शकांचा मुख्य विरोध आहे. दोघेही सारखेच रुंद झाले की तो अर्धा ओसरतो.

जाता जाता ध्वनीविषयीही एक गोष्ट नोंदवितो, कारण ती बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, तर पाल पद्धतीच्या व्हिडिओत बहुधा २५ ने. त्यामुळे दोन तासांचा चित्रपट जवळजवळ पाच मिनिटे लवकर संपतो आणि ध्वनीत दुरुस्ती केली नसल्यास गाण्याची पट्टी चढते. पांढरी एक आणि काळी एक यांतील अंतराच्या सुमारे सात दशांश इतकी. पागनीसांचे अभंग ऐकून त्यांच्या स्वराविषयी मत देणाऱ्या संगीताच्या अभ्यासकाने तरी आपली प्रत तपासून घ्यावी.

उलट दिशेची कात्री

लांब चौकटीच्या चित्रपटांनी याच्या नेमकी उलट शिक्षा भोगली. गुरुदत्त यांचा ‘कागज़ के फूल’ (१९५९) हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी ओसाड स्टुडिओत उतरविलेला प्रकाशाचा झोत सर्वांना आठवतो. पण त्या दृश्यावलीचे बळ झोताइतकेच दोन माणसांमधील रिकाम्या जागेत आहे. ती जागा रुंदीत पसरलेली आहे. ४:३ संचासाठी चित्र कापताना यंत्र चालविणाऱ्याने एक तर त्याला दाखवायचे किंवा तिला, किंवा दोघांमधून चौकट सरकवत न्यायची. दिग्दर्शकाने न हलविलेला कॅमेरा प्रयोगशाळेतील अनाम तंत्रज्ञ हलवितो आणि अभ्यासक त्या हालचालीवर दिग्दर्शकाच्या नावाने भाष्य करतो. पाठचिकित्सेच्या भाषेत हा प्रक्षेपच आहे.

मराठीत पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणून महेश कोठारे यांचा ‘धडाकेबाज’ (१९९०) ओळखला जातो. ज्या पिढीने तो व्हिडिओ कॅसेटवर आणि केबलवर पाहिला, तिच्या घरातील पडदा ४:३ होता. चित्रपटाची सर्वांत मोठी तांत्रिक उडी ज्या रुंदीत होती, ती त्या पडद्यावर मूळ आकारात मावणारच नव्हती. नागपूरच्या सीताबर्डीवर व्हरायटी चौकाला ज्या चित्रगृहाचे नाव मिळाले, तशा मोठ्या पडद्याच्या चित्रगृहांत असे चित्रपट ज्यांनी पाहिले आणि ज्यांनी ते घरी पाहिले, त्यांनी एकाच नावाचे दोन चित्रपट पाहिले असे म्हणावे लागेल.

‘अधिक चित्र’ म्हणजे मूळ चित्र नव्हे

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. चौकटीविषयी आस्था असणारे काही रसिक जास्तीत जास्त चित्र दिसणारी प्रत हीच खरी, असे मानतात. ते बरोबर नाही. ‘शोले’ (१९७५) हा ३५ मिलिमीटर फितीवर चित्रित करून ७० मिलिमीटरवर मोठा केला गेला. त्या रूपांतरात वरचा-खालचा भाग वगळला जाणार, हे गृहीत धरूनच रचना केली होती. म्हणजे तेथे कात्री कर्त्याच्याच हातात होती. फितीवर जास्तीचे चित्र आहे म्हणून ते दाखविणे, हे लेखकाने खोडलेल्या ओळी छापण्यासारखे होय. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जीर्णोद्धार केलेली प्रत २०२५ मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात दाखविली गेली, ती ७० मिलिमीटरच्या २.२ या प्रमाणात आणि मूळ शेवटासह होती. संपादक म्हणून हा निर्णय योग्य आहे.

तेव्हा निकष एकच राहतो. कर्त्याने प्रेक्षकासाठी कोणती चौकट रचली? फितीवर काय सापडते हा त्याचा एक पुरावा, अंतिम उत्तर नव्हे.

या निकषावर ‘मुग़ल-ए-आज़म’चे (१९६०) उदाहरण अवघड ठरते. २००४ मध्ये हा चित्रपट रंगवून, ध्वनी नव्याने मिसळून, रुंद पडद्यासाठी पुन्हा प्रदर्शित झाला. नव्या पिढीने तो चित्रगृहात पाहिला, याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पण त्या वेळी वाद रंगला तो रंगांवर. चौकटीची उंची कमी झाली, दरबाराच्या छतांचे काय झाले, हे फारसे कोणी विचारले नाही. रंग चढविल्याचे जाहिरातीतच सांगितले जाते, कारण तो विक्रीचा मुद्दा असतो. कापल्याचे कोणी सांगत नाही. रंगविलेल्या आवृत्तीला मी रूपांतर म्हणेन आणि रूपांतर म्हणून तिचा आदरही करीन. मूळ चित्रपट म्हणून वर्गात ती लावणार नाही.

काळ्या पट्ट्यांची तक्रार

व्यापारी बाजूचे म्हणणे असे की, पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या ग्राहकाला आवडत नाहीत. मोठ्या संचाचे पैसे मोजून आपल्याला कमी दिले जाते, असे त्याला वाटते. ही भावना खोटी नाही, आणि तिला हसण्यात अर्थ नाही. पण ती सवयीची आहे. त्याच घरात भिंतीवर आजोबांचा उभा फोटो असतो आणि भिंत भरावी म्हणून त्याच्या खालचा-वरचा भाग कोणी कापत नाही. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’च्या मूळ निगेटिव्हला १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतील आगीत मोठी हानी पोचली. उरलेल्या सामग्रीतून २०१५ मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा चौकट १.३७ च ठेवली गेली. बाजूच्या काळ्या पट्ट्यांसह तो चित्रपट जगभर पाहिला गेला. पट्ट्यांमुळे कोणी उठून गेल्याचे ऐकिवात नाही.

आगीचा हा धागा आपल्यापर्यंतही येतो. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, प्रभातच्या जुन्या आवारात असलेल्या फिल्म संस्थेच्या परिसरात नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागली आणि आरंभीच्या बोलपटांची मूळ सामग्री मोठ्या प्रमाणावर नष्ट झाली. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने, पी. के. नायर यांच्या चिकाटीमुळे, पुष्कळ चित्रपटांच्या सुरक्षित फितीवरील प्रती आधीच करून घेतल्या होत्या, म्हणून ते चित्रपट वाचले. परंतु मूळ पोथी जळाल्यावर प्रतींच्या प्रतींवरच काम करावे लागते, हे पोथ्यांच्या अभ्यासकांना माहीत आहे. अशा स्थितीत बाजारातील कापलेली प्रत हीच सर्वांत सुलभ प्रत ठरते आणि पुढच्या नकला तिच्याच होतात. कोण्या लेखनिकाने गाळलेली ओवी पुढच्या दहा पोथ्यांतून गळालेली असावी, तसेच हे आहे.

‘संत तुकाराम’च्या बाबतीत तर या विषयाला एक विलक्षण पार्श्वभूमी आहे. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले एक पद तुकोबांच्या वाणीशी इतके एकरूप झाले की ते गाथेत शोधले गेले. आणि चित्रपटाची कथा तरी काय आहे? दुसऱ्याचे अभंग आपल्या नावावर खपविणारा सालोमालो, नदीत बुडविलेली वही आणि ती कोरडी परत मिळावी म्हणून काठावर धरलेले धरणे. पाठाच्या अस्सलपणावर बेतलेली कथा आपण कोणत्या पाठात पाहतो, याची चौकशी न करणे अध्यापकाला शोभत नाही.

अध्यापकासाठी काही व्यवहार

महाविद्यालयात हे काम खर्चाचे नाही. प्रक्षेपक व संचाच्या मांडणीत चित्राचे प्रमाण मूळ ठेवण्याची सोय असते. ‘झूम’ किंवा ‘वाइड’ हा पर्याय बंद करावा लागतो, इतकेच. कापूनच आलेल्या प्रतीला मात्र असा उपाय नाही. अशी प्रत असल्यास ते विद्यार्थ्यांना आरंभीच सांगावे आणि चौकटीवर आधारलेले कोणतेही विधान तिच्यावरून करू नये. शोधनिबंधात चित्रपटाचा निर्देश करताना आपण नाव, दिग्दर्शक व वर्ष देतो. पुस्तकाच्या बाबतीत आवृत्ती न दिलेला निबंध आपण परत पाठवितो. चित्रपटाची प्रत कोणत्या रूपातील, किती मिनिटांची आणि कोणत्या प्रमाणाची, हे तीन तपशील मागण्यास परीक्षकांना काहीच हरकत नसावी.

ग्रंथालयाच्या नोंदवहीतही डीव्हीडीसमोर सध्या बहुधा शीर्षक आणि किंमत एवढेच असते. शेजारी आणखी एक रकाना आखता येईल. ‘संत तुकाराम’, प्रभात, १९३६, कृष्णधवल, मराठी, चौकट १.३७, प्रत पूर्ण, कापलेली की ताणलेली. हा शेवटचा शब्द भरण्यासाठी कोणालातरी ती तबकडी लावून टाळ गोल दिसतात का, हे पाहावे लागेल.